खुलाशाचा हक्क

कंपनीचं नाव मी आत्ताच सांगत नाही. शेवटपर्यंत धीर टिकला तर सांगेन, आणि माझ्या धैर्याची ख्याती फारशी नाही हेही आधीच सांगून ठेवतो. मी श्रीनिवास उपळेकर, 'पंगत' या पाककृतींच्या मासिकाचा संपादक. उभ्या आयुष्यात मी छापलेला सर्वांत स्फोटक मजकूर म्हणजे पुरणपोळीला कणीक की मैदा. त्यावर आलेल्या शिव्या अजून जपून ठेवल्यात.

तरीही मी मराठी नियतकालिक संपादक संघाचा खजिनदार होतो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. संघाची कचेरी सांगलीत, एका हळदीच्या पेढीच्या माडीवर. तिथे बसलं की संध्याकाळपर्यंत कॉलर पिवळी. मुंबई-पुण्याचे सभासद नाकाला रुमाल लावून बैठकीला यायचे आणि जाताना खालून किलोभर हळद घेऊन जायचे.

संघाचं काम पूर्वी बिनघोर होतं. दिवाळी अंकांना बक्षिसं द्यायची, एखाद्या संपादकाने चोरलेली कविता छापली तर त्याला समज द्यायची, संपलं. मग ती लाट आली. यंत्रं एका दुपारात हजारो लेख लिहायला लागली. न झालेल्या दंगलींचे फोटो, मेलेल्या पुढाऱ्यांच्या ताज्या मुलाखती, कधीच न जन्मलेल्या बायकांची आत्मचरित्रं. वाचकांनी वर्षभर सगळं खरं मानलं आणि नंतर सगळंच खोटं मानलं. त्यातलं दुसरं जास्त वाईट होतं. मिरजेत पूर आला तेव्हा लोक पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत घरात बसून राहिले, कारण पुराची बातमी त्यांनी फोनवर वाचली होती.

त्यावर उपाय म्हणून संघाने पडताळक बसवला. आम्ही सगळे त्याला गुरुजी म्हणायचो, कारण त्याचे शेरे दोनच होते: ग्राह्य आणि अग्राह्य. ग्राह्य मजकुराला संघाचा शिक्का मिळायचा आणि शिक्का असेल तरच लोकांच्या फोनवर तो मजकूर उघडायचा. कथा, कविता आणि पाककृती यांना शिक्क्याची गरज नव्हती. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवतो?

गुरुजी काय करायचे ते थोडक्यात सांगतो. लेखासोबत त्याचा कच्चा माल द्यावा लागे. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, फोटो, माहिती देणाऱ्याचं खरं नाव. हल्लीच्या फोनमधली चिप प्रत्येक आवाजावर आणि फोटोवर वेळेची आणि जागेची खूण उमटवते, ती खोडता येत नाही. हा सगळा माल संघाच्या तिजोरीत जायचा. तिजोरी म्हणजे कपाट नव्हे; तिथे प्रत्येक शब्दाचं आकड्यांत रूपांतर होऊन त्याला कुलूप लागायचं. आणि गंमत पुढे आहे. गुरुजी ते कुलूप उघडायचेच नाहीत. कुलपात असलेल्या आकड्यांवर कुलपाबाहेरूनच गणित करता येतं, असा शोध लागलेला होता. गणिताचं उत्तर तेवढं बाहेर यायचं. आतलं नाव संघाच्या अध्यक्षाला कळायचं नाही, यंत्र बनवणाऱ्याला नाही, पोलिसांनाही नाही.

एक गोष्ट मात्र गुरुजींच्या आवाक्याबाहेर होती. बोलणारा माणूस हाडामांसाचा आहे आणि तो त्या जागी होता, एवढं त्यांना कळायचं. तो खरं बोलतोय का, ते कळायचं नाही. ते अजून कुणालाच कळत नाही.

हे सगळं उभं केलं ते सुनीती मगदूमने. सुनीती 'झरोका' या मासिकाची संपादक आणि संघाची कार्यवाह. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. बाई तत्त्वाला चिकटली की मुंगळ्यासारखी, मान तुटेल पण सोडणार नाही. नियमावलीत तिने एक कलम हट्टाने घातलं होतं: खुलाशाचा हक्क. कोणत्याही मजकुरात, मग तो लेख असो, कथा असो की पाककृती, ज्याचं नाव आलं त्याला खुलासा पाठवायचा हक्क आहे. गुरुजी तो खुलासा तिजोरीतल्या मालाशी लगेच ताडून बघतील आणि शेऱ्यासकट संघाच्या पानावर जाहीर करतील. विरुद्ध पुरावा तिजोरीत असेल तर खुलासा अग्राह्य.

"ज्याच्यावर आपण लिहितो त्याला बोलायला जागा नसेल, तर आपल्यात आणि भिंतीवर काहीबाही लिहिणाऱ्यांत फरक काय?" ती म्हणायची.

मी त्या कलमाची पहिली शिकार. एका मसालेवाल्याच्या कांदा-लसूण चटणीला मी 'अंमळ खारट' म्हटलं होतं. त्याचा खुलासा आला, 'आमचे उत्पादन खारट नाही.' गुरुजींनी माझ्या स्वयंपाकघरातली मोजणी ताडली आणि त्याला अग्राह्य शेरा दिला. सुनीतीने तो कागद छापून कचेरीच्या भिंतीवर लावला होता.

तर आता खरी गोष्ट.

'पंगत'मध्ये 'पथ्याचं ताट' नावाचं सदर आहे. त्यातून सुशांत ऐवळेची ओळख झाली. मिरजेचा तिशीच्या आतला पोरगा, तंबोऱ्याची जवारी लावायचा. म्हणजे तारेखाली सुताचा दोरा असा सरकवायचा की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दिवसाला मोजून दोन पेले पाणी, बटाटा नाही, टोमॅटो नाही, नारळपाणी तर विषच. त्याने मला फोन केला, "काका, बटाट्यावाचून माणूस जगतो, पण त्याला जगणं म्हणायचं का?" मी त्याला बटाटे सोलून, चिरून, रात्रभर भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा नव्या पाण्यात उकडायला शिकवलं. त्यातला क्षार निघून जातो. चवही निघून जाते, पण तो खूश होता. "बटाट्याचं भूत आहे, पण बटाट्याचंच आहे," म्हणाला.

त्याची थोरली बहीण दीपाली तो डायलिसिस घ्यायचा त्याच मिरजेच्या केंद्रात तंत्रज्ञ होती. ते केंद्र चालवणारी ही कंपनी म्हणजे आमच्याकडची डायलिसिसची मालकीणच. सांगली, मिरज, तासगाव, विटा, सगळीकडे रोग्याला बसवून रक्त गाळायच्या खुर्च्या तिच्या. सरकारी दवाखान्यातली यंत्रंसुद्धा चालवायला तिलाच दिलेली. एकदा मी सुशांतला भेटायला गेलो तर दीपाली मला जिन्यात थांबवून म्हणाली, "काका, तुमी छापता न्हवं? मला कायतरी सांगायचंय."

रक्त गाळायचा फिल्टर रोग्यागणिक वेगळा हवा. कंपनी वापरलेले फिल्टर धुऊन, नवं लेबल लावून दुसऱ्याला लावत होती. बिल नव्याचं. धुताना कसर राहिली की रोग्याला खुर्चीतच हुडहुडी भरायची, ताप चढायचा. काही घरी जाऊन दगावले. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' असं लिहिलं जायचं. ते काही खोटं नव्हे, मेलेल्या प्रत्येकाची बंदच पडते. दीपालीने फिल्टर धुतानाचं चित्रण फोनवर केलं होतं. सुशांतला मात्र ती स्वतः नवा फिल्टर लावायची, डोळ्यांत तेल घालून.

मी तिला सुनीतीकडे पाठवलं आणि घरी येऊन ओल्या खोबऱ्याच्या करंज्यांवर लेख लिहिला.

सुनीतीने दोन महिने काम केलं. तिच्या लेखात संघाच्या रिवाजाप्रमाणे तीन बदल होते: माणसाचं नाव, गाव आणि हुद्दा. मिरजेची तंत्रज्ञ दीपाली लेखात विट्याची नर्स शकुंतला झाली; कंपनीचं नाव मात्र खरंच होतं. गुरुजींना बदल ठाऊक असत, ते खऱ्या मालाशी ताडून बघत. लेख ग्राह्य ठरला आणि घरोघरी वाचला गेला. विधानसभेत प्रश्न आला, चौकशी नेमतो असं उत्तर आलं.

मग कंपनीचे खुलासे सुरू झाले.

पहिला: 'सदर आरोप करणारी व्यक्ती आमच्या विटा केंद्रात कधीही कामाला नव्हती.' ग्राह्य. ते खरंच होतं. दुसरा तासगावचा, तोही ग्राह्य. तिसरा: 'सदर व्यक्ती आमच्या मिरज केंद्रात कधीही कामाला नव्हती.' अग्राह्य!

मी टाळीच वाजवली. मग रोज एखादा येऊ लागला. सदर व्यक्ती तंत्रज्ञ नव्हती. अग्राह्य. सदर व्यक्तीने चित्रण सकाळच्या पाळीत केलेले नाही. अग्राह्य. सदर व्यक्तीचे कोणीही नातेवाईक आमच्याकडे उपचार घेत नाहीत. अग्राह्य. सगळे संघाच्या पानावर, शेऱ्यासकट, जगजाहीर.

"सुनीती, कंपनी पुन्हा नापास!" असं म्हणत मी जयसिंगपूरचं भडंग घेऊन माडी चढायचो. आम्ही कचेरीत बसून भडंग खायचो आणि कंपनीच्या मूर्खपणाला हसायचो. एवढी मोठी कंपनी, एवढे वकील, आणि रोज उठून हात दाखवून अवलक्षण! अध्यक्षांनी पुण्याहून अभिनंदनाचा निरोप पाठवला. पुढच्या अधिवेशनात या खुलाशांचं प्रदर्शन मांडावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दीपाली कचेरीत आली त्या दिवशीही टेबलावर भडंगच होतं.

"मॅडम, सुशांतला खुर्ची मिळंना," ती दारातूनच म्हणाली. "सोमवारी गेला तर मशीन बंद म्हणाले. आज गेला तर नाव यादीत न्हाई म्हणाले. मी तिथं कामाला असून मला त्याला आत नेऊ दिलं न्हाई. तासगावला फोन लावला, विट्याला लावला. सगळीकडं एकच, जागा न्हाई."

"तुला काही बोलले?"

"न्हाई. माझा पगार चालू, हजेरी चालू. मॅनेजर गोड हसतोय. मॅडम, त्यांना कळलंय."

"कसं कळेल?" सुनीती म्हणाली. "तुझं नाव मलासुद्धा तिजोरीतून काढता येणार नाही. कुलूप उघडलेलंच नाही."

ती बोलता बोलता थांबली. तिची नजर भिंतीवरच्या त्या खारट चटणीच्या कागदावर गेली. मग ती खुलाशांचं पान उघडून एकेक वाचायला लागली, मोठ्याने. विटा नाही. तासगाव नाही. मिरज, हो. नर्स नाही. तंत्रज्ञ, हो. सकाळची पाळी, हो. नातेवाईक उपचार घेतात, हो.

"श्रीनिवास, आपण लहानपणी ओळखा पाहू खेळायचो," ती म्हणाली. "एकाने मनात वस्तू धरायची आणि बाकीच्यांनी विचारायचं. जिवंत आहे का? घरात आहे का? तो फक्त हो किंवा नाही म्हणणार. दहा-पंधरा प्रश्नांत आपण ओळखायचो. प्रत्येक उत्तराला अर्ध्या वस्तू बाद होतात. त्यांनी कुलूप फोडलंच नाही रे. ते गुरुजींना विचारत बसले आणि गुरुजी प्रामाणिकपणे उत्तरं देत बसले."

मिरज केंद्रात सकाळच्या पाळीला असलेल्या आणि घरचं माणूस तिथेच खुर्चीवर असलेल्या तंत्रज्ञ किती असणार? एकच.

मी भडंगाचा कागद दुमडून खिशात टाकला. खालून हळदीची पोती उतरवल्याचा आवाज येत होता. आम्ही ज्या प्रत्येक अग्राह्यला टाळ्या वाजवल्या होत्या, ते प्रत्येक या मुलीच्या घराकडे टाकलेलं एक पाऊल होतं.

सुनीतीने त्याच संध्याकाळी कार्यकारिणीची दूरस्थ बैठक बोलावली. खुलाशाचा हक्क तूर्त बंद करा, म्हणाली. अध्यक्ष म्हणाले, "सुनीतीताई, हा हक्क म्हणजे आपल्या संघाचा कणा. कंपनी खुलासे देतेय आणि आपण दार लावून घेतलं, तर लोक काय म्हणतील?" एक सभासद म्हणाले की आपल्या शिक्क्यात भोक आहे हे बाहेर कळलं, तर शिक्काच बुडेल. शेवटी उपसमिती नेमली. उंटावरून शेळ्या हाकायची आमची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. प्रमोद वाळिंबे. जनसंपर्क अधिकारी. पूर्वी वार्ताहर होता, संघाचा शोधपत्रकारितेचा पुरस्कार सुनीतीच्याच हस्ते घेतलेला. तो वाकून तिच्या पाया पडला.

"आम्ही कुणाला नोकरीवरून काढलं नाही, मॅडम. कुणाला धमकावलं नाही. खुर्च्या कमी आहेत, एवढंच. पण तुमच्या लेखामुळे आमची नवी केंद्रं अडलीत. ती सुरू झाली तर खुर्च्या वाढतील."

"काय हवंय?"

"एक खुलासा. लेखातले आरोप निराधार होते, असा. ग्राह्य शेऱ्यासकट. तुमचा शिक्का नसेल तर त्याला काय किंमत? हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"आणि ग्राह्य ठरला, की सुशांतला खुर्ची."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, मॅडम," वाळिंबे म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघून खेदाने मान हलवली. माझ्यापुढे मान कसली हलवतोस, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

तो गेल्यावर सुनीतीने खरोखरच तो मजकूर यंत्रात घातला. खोटं छापायची तिची ही पहिली वेळ. अग्राह्य. तिजोरीत दीपालीचं चित्रण होतं, तिचा आवाज होता. गुरुजी सत्याला चिकटून बसले होते. तिनेच त्यांना तसं शिकवलं होतं.

"एक वाट आहे," ती म्हणाली. "नियम एकोणीस. माहिती देणाऱ्याने स्वतः साक्ष मागे घेतली आणि संघाच्या दोन पदाधिकाऱ्यांनी, आम्ही तिला समक्ष भेटून खात्री केली, अशी साक्ष दिली, तर मूळ पुरावा रद्द होतो. दीपाली, मी आणि..."

"आणि मी," मी म्हणालो.

"तुला नको असेल तर..."

"आधी त्या पोराला विचारू," मी म्हटलं. खरं तर मला वेळ हवा होता.

सुशांत मिरजेच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, पाय खांबासारखे, दोन वाक्यांत दम लागत होता. कोपऱ्यात एक बिनतारांचा तंबोरा. दीपाली त्याच्या ओठांवर बर्फाचा खडा फिरवत होती. सुनीतीने त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. लेख मागे घेतला तर तेच धुतलेले फिल्टर पुन्हा चालू राहतील, इतरांना लागतील, हेही. ती माणसाला पूर्ण माहिती दिल्याशिवाय निर्णय विचारतच नाही.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमी लई मोठ्या मनाच्या. पण मला तत्त्व नको. मला खुर्ची पाहिजे. मला श्वास घेता येईना." आणि तो रडायला लागला. रडायलाही त्याला दम पुरत नव्हता.

दीपाली बाहेर आली. "बाकीच्यांचं काय, ते मी रोज डोळ्यानं बघतोय," ती म्हणाली. आमच्या भागात बायका असंच बोलतात. "त्यांचंबी कुणीतरी आसंलच की. पर माझा ह्यो एकच हाय."

मला सुनीतीचा राग आला होता, हे कबूल करतो. एवढी हुशार बाई, तिला हे भोक दिसू नये? आणि त्याहून जास्त राग माझा आला होता, कारण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की या साक्षीनंतर 'पंगत'चं काय होईल. नंतर सुशांतकडे बघितलं आणि गाडीत बसून सुनीतीला सांगितलं, "चल, करून टाकू."

आम्ही तिघांनी साक्ष दिली. दीपाली म्हणाली, मी कंपनीवरच्या रागातून खोटं बोलले, चित्रणातले फिल्टर टाकून द्यायचे होते. सुनीती म्हणाली, मी तिची समक्ष खात्री केली. तिचा आवाज अगदी सपाट होता. मग मी. माझ्या फोनच्या चिपने वेळ आणि जागा उमटवली. मी हाडामांसाचा होतो आणि तिथे होतो. गुरुजींना एवढं पुरलं.

ग्राह्य.

कंपनीचा खुलासा शिक्क्यासह राज्यभर गेला. विधानसभेतली चौकशी थांबली. आणि सुशांतला दुसऱ्या दिवशी सकाळची खुर्ची मिळाली. वाळिंबेने शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. दीपालीला मात्र त्याच दिवशी कामावरून कमी केलं. कंपनीबद्दल खोटं बोलल्याची तिनेच कबुली दिली होती ना, शिक्क्यासकट.

पहिल्या डायलिसिसनंतर सूज उतरली. सुशांतने मला फोन करून बटाट्याची भाजी खाल्ल्याचं सांगितलं. मी सुनीतीला ते कळवलं तर ती म्हणाली, "मग झालं तर." 'झरोका'च्या वर्गण्या बंद होत होत्या, रस्त्यात लोक तिला बघून तोंड फिरवत होते, खोटारडी संपादक म्हणून. ती सगळं निमूट सोसत होती. एक जीव वाचला होता, हा हिशेब तिला पुरत होता.

फक्त एक गोष्ट आमच्या तिघांच्याही डोक्यात आली नव्हती, आणि ती शेंबड्या पोरालाही सुचली असती. दीपाली आता केंद्राच्या आत नव्हती. सुशांतला फिल्टर कोण लावणार होतं?

दुसऱ्याच आठवड्यात त्याला खुर्चीत हुडहुडी भरली. दीपाली बाहेरच्या बाकावर होती; काचेतून तिला त्याचे दात वाजताना दिसले. शिपायाला ढकलून ती आत घुसली. फिल्टरवर कोरं करकरीत लेबल होतं, सुशांतच्या नावाचं. तिने नखाने ते खरवडलं. खाली दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. तिने फोन काढून सगळं टिपलं, त्याचं कापणारं अंगसुद्धा. मग त्याला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्तात जंतू पसरले होते. दोन दिवस त्याने काढले. शुद्ध हरपायच्या आधी तो मला म्हणाला, "काका, तंबोरा गिऱ्हाइकाचा आहे, पोचवा." दाखल्यावर लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद.

कंपनीने सूड घेतला असं मला वाटत नाही. तेवढी तसदी कोण घेतो? त्याला इतरांसारखाच एक फिल्टर लागला, इतकंच. लेखात जे लिहिलं होतं तेच झालं.

सुनीतीने दहाव्याचीही वाट पाहिली नाही. सुशांतचा मृत्यू, खरवडलेलं लेबल, दीपालीचं नवं चित्रण, सगळं घालून बातमी लिहिली. आयुष्यातली सर्वांत चांगली बातमी. मी शेजारी उभा होतो. गुरुजींनी क्षणभरही घेतला नाही.

अग्राह्य. कारण: साक्षीदाराने याच विषयावरची साक्ष पूर्वी मागे घेतलेली आहे. नियम वीस.

"मी माझी साक्ष देते. आधीचं खोटं होतं म्हणून सांगते," सुनीती म्हणाली आणि तिने तसं केलं. मीही केलं. अग्राह्य, अग्राह्य. एकदा फिरलेली साक्ष पुन्हा धरली जात नाही. चित्रण खरं, जागा खरी, वेळ खरी. पण ते टिपणारी बाई आमच्या शिक्क्याने खोटी ठरलेली, आणि तिच्या बाजूने बोलणारे आम्ही दोघेही. तिजोरीत सगळा पुरावा पडून राहिला. बाहेर त्यातलं एक अक्षर आलं नाही.

"नियम वीस कुणी लिहिला होता?" मी विचारलं.

"मीच." मग ती खुर्चीत बसली आणि तिने टेबलावर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सुनीतीने संघ सोडला, 'झरोका' बंद केलं. खजिनदारपद माझ्याकडे तसंच राहिलं, कारण अजूनही दुसरं कुणी तयार नाही. उपसमितीची पहिली बैठक पुढच्या महिन्यात आहे. तंबोरा मी पोचवला.

गेल्या आठवड्यात दीपाली माझ्या घरी आली. आता ती एका भाताच्या गिरणीत कामाला जाते. "काका," ती म्हणाली, "माझा भाऊ कशानं गेला ते कुठंच छापून येणार न्हाई व्हय? शिक्क्याबिगर काय छापतं तुमच्याकडं?"

"पाककृती," मी म्हणालो. "आणि गोष्टी."

"मग गोष्ट लिवा की."

म्हणून ही गोष्ट. 'पंगत'च्या या अंकात, उपवासाच्या थालीपिठाच्या पुढच्या पानावर. वर संपादकीय टीप येईल की ही विज्ञानकथा आहे, यातल्या घटनांची पडताळणी केलेली नाही. ते खरंच आहे, केलेली नाही.

पण परवा थालीपिठाचं प्रूफ वाचताना मला भिंतीवरचा तो चटणीचा कागद आठवला. लेख असो, कथा असो की पाककृती, ज्याचं नाव आलं त्याला खुलाशाचा हक्क आहे. ते कलम उपसमितीने अजून रद्द केलेलं नाही. दीपालीचं नवं चित्रण तिजोरीत आहे, ते रद्द झालेलं नाही. आमची बातमी त्यावर उभी राहू शकत नाही, आम्ही खोटे ठरलोय. पण कंपनीचा खुलासा त्याच्यासमोर टिकणार नाही; खुलासा ताडताना गुरुजी फक्त माल बघतात, तो कुणी दिला ते बघत नाहीत. 'सुशांत ऐवळे यांना वापरलेला फिल्टर लावलेला नाही,' एवढं एक वाक्य त्यांनी पाठवलं, की गुरुजी शेरा देतील आणि संघाच्या पानावर तो जगजाहीर होईल. सत्य बाहेर यायला आता ती एवढीच फट उरली आहे.

ते पाठवणार नाहीत, मला माहीत आहे. गुरुजींना काय विचारायचं आणि कधी गप्प बसायचं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं. पण नाव घेतल्याशिवाय हक्क सुरू होत नाही, म्हणून नाव घेतो. कंपनीचं नाव नेफ्रोधारा. मिरज केंद्र. सकाळची पाळी. खिडकीजवळची खुर्ची.

वाळिंबेसाहेब, आता पाठवा खुलासा. तुमचा हक्क आहे तो.